घोडा घेतला, धांवविणार कोठें?

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली कीं खानदेशांतील अश्वप्रेमी मंडळींचे पाय सारंगखेड्याकडे वळूं लागतात. तापीच्या कांठीं वसलेल्या या गांवीं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारहि भरतो. १९९८ सालीं धुळें जिल्ह्याचें विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निराळा झाला व सारंगखेडें तिकडे गेलें. तथापि धुळें-जळगांवकडील लोकांस तें आजहि आपल्या अंगणांतलेंच वाटतें. अलीकडे ‘चेतक महोत्सव’ या नांवानें या यात्रेचा डामडौलहि वाढला आहे. कमानदार कानांचे मारवाडी, कोरीव तोंडाचे काठेवाडी, दुधासारखे पांढरे नुकरे अशा नाना जातींचीं जनावरें तेथें ओळीनें बांधलेलीं दिसतात, आणि पाहणाराचें भान हरपतें.

गिऱ्हाईक या वेळीं काय काय पाहतें! दांत पाहून वय ठरवितें, भोंवरे पाहून शुभाशुभ जाणून घेतें, देवमण आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतें, उंची मोजतें, चाल पाहतें, मग रुमालाखालीं बोटें धरून किंमतीची घासाघीस होते. घरीं परतल्यावर शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो किंमतीचा, आणि दुसरा नांवाचा. परंतु ज्या प्रश्नावर त्या मुक्या जनावराचें पुढील सारें आयुष्य अवलंबून असतें तो प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न असा, कीं हा घोडा तुम्ही धांवविणार कोठें?

आमच्या वाचकांत घोडा बाळगणारीं घरें फार नसतील, हें आम्ही जाणतों. तरीहि हा विषय आम्हीं आज मुद्दाम हातीं घेतला आहे. ज्यांच्या घरीं घोडा नाहीं त्यांच्या गांवीं गायरान आहे. ज्यांना घोडेस्वारी शिकावयाची नाहीं त्यांचीं मुलें कोठें तरी खेळूं पाहतच आहेत. घोड्याला पुरेल एवढी मोकळी जमीन ज्या गांवांत उरली आहे, तेथें मुलांना, गुरांना आणि मोठ्या माणसांच्या सकाळच्या फेरफटक्यालाहि ती उरलेली असते. या दृष्टीनें पाहतां घोड्याचें मैदान हा साऱ्या गांवाच्या प्रकृतीचा विषय ठरतो.

आपल्या पूर्वजांना या प्रश्नाचें महत्त्व पुरेपूर ठाऊक होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत घोड्याच्या चालींचें वर्गीकरण दिलें आहे. ‘लंघन’ म्हणजे उडीच्या चालीचे तर त्यानें सात प्रकार सांगितले आहेत. वानराची उडी, बेडकाची उडी, हरिणाची उडी, एका पायावरची उडी अशीं त्यांचीं नांवें वाचतांना तो लेखक स्वतः रिंगणाच्या कडेला उभा राहून पाहत असावा असें वाटतें. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत घोडे फिरविण्याच्या मैदानाला ‘वाह्याली’ अशी संज्ञा असून त्या विनोदाचें सविस्तर वर्णन आहे. मैदानाला खास शब्द असणें हेंच पुरेसें बोलकें आहे. मराठेशाहींतहि पागा, शिलेदार, बारगीर यांच्या जोडीला चाबूकस्वार असे. नव्या घोड्याला कावा देऊन, म्हणजे लांब दोरीवर वर्तुळांत फिरवून, त्याला चाल व शिस्त लावणें हें त्याचें काम. ‘कावा’, ‘दुडकी’, ‘चौखूर’, ‘मांड’, ‘रिकीब’, ‘चंदी’, ‘तोबरा’, ‘खरारा’ हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडीं सहज होते. आज त्यांपैकीं किती शब्द आपल्या मुलांना समजतात, हें ज्यानें त्यानें घरींच विचारून पाहावें.

आतां मैदानाचें एवढें महत्त्व कां, तें थोडें पाहूं. घोड्याचा पुढचा पाय गुडघ्याखालीं नीट निरखून पाहिला तर तेथें मांसल स्नायु जवळजवळ नाहींतच असें दिसेल. हाड, त्यामागें दोरासारख्या ताणलेल्या कंडरा, आणि वर कातडें एवढाच तो संसार. १८७८ सालीं मायब्रिज नांवाच्या छायाचित्रकारानें अमेरिकेंत अनेक कॅमेरे ओळीनें मांडून धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं आणि भरधांवेंत घोड्याचे चारहि पाय एका क्षणीं जमिनीवरून सुटलेले असतात, हें जगास दाखविलें. चारहि पाय सुटतात त्याप्रमाणेंच पुढच्या क्षणीं सारा भार एका पायावर येतो, हेंहि त्याच चालीचें दुसरें अंग आहे. भरधांवेंत एका पुढच्या पायावर येणारा हा भार शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या घरांत जातो. चारशें किलो वजनाचा घोडा धरला तर जवळजवळ एक हजार किलोंचा आघात त्या काडीसारख्या पायानें प्रत्येक झेपेला सोसावयाचा असतो.

हा आघात झेलण्याच्या कामीं पायाचा जोडीदार म्हणजे जमीन. ती फार कठीण असेल तर हाडें, सांधे व खूर यांस दणका बसतो. ती फार मऊ असेल तर पाय रुततो, तो उपसतांना कंडरांवर ताण पडतो, आणि थकलेल्या कंडरेचे तंतु तुटूं लागतात. ती खांचखळग्यांची असेल तर खुरावरचा सांधा मुरगळतो. दुखावलेली कंडरा भरून यावयास कित्येक महिने लागतात आणि ती पूर्ववत् बळकट क्वचितच होते. घोडा बोलत नाहीं. लंगडूं लागतो तेव्हांच धन्याला कळतें, आणि तोंपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

या दृष्टीनें आमच्या खानदेशाकडे पाहूं. १९०६ सालीं या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं प्रसिद्धीस आले. त्यापूर्वीं, १८२५ सालीं औट्रॅम साहेब धरणगांवीं भिल्ल पलटण उभारीत होता तेव्हां, मैलोगणती माळ आणि रान मोकळें पडलेलें होतें. घोड्याला टांच मारली कीं अडविणारें फारसें कांहीं नव्हतें. आज तापीच्या खोऱ्यांतील कसदार काळी जमीन इंच इंच लागवडीखालीं आहे, आणि तें योग्यहि आहे. परंतु घोड्याच्या पायाला ही काळी माती मुळींच मानवत नाहीं. पावसाळ्यांत ती खुराला अशी चिकटते कीं नाल उपटून निघावा. उन्हाळ्यांत तिला एवढ्या रुंद भेगा पडतात कीं सबंध खूर आंत जावा. या दोहोंच्या मधला काळ बरा. पण तेव्हां शेतांत पीक उभें असतें.

खानदेशची खरी अडचण ती हीच, आणि ती नीट ध्यानांत घ्यावयास हवी. कार्तिकापासून माघापर्यंत हवा थंड, घोड्याच्या मेहनतीला अत्यंत अनुकूल. परंतु जमीन गहू, हरभरा, दादर यांनीं अडलेली. होळीनंतर शेतें मोकळीं होतात, पण तोंवर ऊन तापूं लागतें, आणि वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे जेव्हां हवा असते तेव्हां जागा नसते आणि जागा असते तेव्हां हवा नसते. शिवाय मोकळ्या झालेल्या शेतांतहि धोका असतोच. दादरीचीं धसकटें आणि उलंगवाडी झालेल्या कपाशीचे बुडखे खुराच्या मऊ तळव्यांत खिळ्यासारखे शिरतात. रावेर-यावलकडे जावें तर केळीच्या बागांत ठिबकाच्या नळ्यांचें जाळें पसरलेलें. तेथें घोडा चालविणेंहि कठीण, मग धांवविण्याची गोष्ट दूरच. बांधालगतच्या बिनकठड्याच्या विहिरींविषयीं तर सांगावयासच नको.

मग नदीचें पात्र? तापी, गिरणा, पांझरा या नद्यांचें वाळवंट पूर्वीं घोडेस्वारांचें हक्काचें मैदान होतें. अजूनहि कोठें कोठें तें उपयोगीं पडतें, पण डोळ्यांत तेल घालून. कोरडी खोल वाळू कंडरांची वैरीण आहे. तींत चालवावें, दौडवूं नये. पाण्याच्या कडेची ओलसर, दाबून बसलेली पट्टी मात्र हळू दौडीस उत्तम. गुडघाभर पाण्यांतून चालविणें हाहि चांगला व्यायाम आहे. परंतु तापीवर सुलवाडें, सारंगखेडें व प्रकाशा येथें बंधारे झाल्यापासून त्यांच्यामागील पात्राचा बराच भाग पाण्याखालीं असतो. उरलेल्या पात्रांत वाळू उपसणारांनीं खोल खड्डे करून ठेवलेले असतात. धरणांतून पाणी सुटलें कीं कालची पट्टी आज नाहींशी होते. म्हणून ज्या वाटेनें सकाळीं दौडावयाचें ती आदल्या संध्याकाळीं स्वतः पायीं चालून पाहावी, हा नियम कोणीहि मोडूं नये.

डांबरी रस्ता घोड्याला चालण्यापुरता चालेल. थोडा वेळ मंद दुडकीहि चालेल. त्यापुढें जाऊं नये. डांबरावर नाल घसरतो, सांधे हादरतात, आणि मागून येणाऱ्या मालमोटारीच्या कर्ण्यानें शहाणा घोडाहि बिथरतो. पोलिसांच्या कवायतीचीं व शाळा-कॉलेजांचीं मैदानें सपाट असतात, परंतु तीं रीतसर परवानगी घेऊन आणि मुलें, वृद्ध, फिरावयास येणारे लोक यांची वेळ टाळूनच वापरावीं. खुरांनीं उकरलेल्या मैदानावर दुसऱ्या दिवशीं मुलांना चेंडू खेळावयाचा असतो, हें विसरूं नये. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणासारखीं गवताळ रानें आहेत. तीं वनखात्याच्या ताब्यांतील व वन्य प्राण्यांच्या निवाऱ्याचीं आहेत. तेथें विनापरवाना घोडा घालणें हें शौर्य नव्हे.

या सर्वांत उत्तम जमीन म्हणजे सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या पायथ्याकडील मुरमाड माळ. मुरमांतून पाण्याचा निचरा होतो, भेगा पडत नाहींत, आणि वरचा थर थोडा सैल केला तर पायाला तो गादीसारखा लागतो. अशा पडीक माळाचा अर्धा मैल लांब व दहा-पंधरा फूट रुंद पट्टा मिळाला तरी एका तालुक्याच्या घोड्यांचें काम भागेल. त्याची तयारी फार खर्चाची नाहीं. प्रथम गोटे वेंचून काढावे. मग वखराची हलकी पाळी घालून वरची दोन-तीन इंच माती भुसभुशीत करावी. खालचा थर घट्टच राहूं द्यावा. दर आठ दिवसांनीं पुन्हां पाळी घालावी, कारण घोड्याच्या नेहमींच्या वाटेवर माती दबून दगडासारखी होते. पट्टा शक्यतो सरळ असावा. वळण द्यावेंच लागलें तर तें ऐसपैस असावें, कारण आखूड वळणावर वेगानें धांवतांना एकाच बाजूच्या पायांवर सारा ताण येतो. जमिनीला हलका चढ असला तर फारच उत्तम. चढावर कमी वेगांतहि छाती व फुप्फुसें यांना भरपूर मेहनत होते, आणि पाय मात्र वांचतात. इंग्लंडमध्यें न्यूमार्केट येथील वॉरन हिल नांवाची टेकडी घोड्यांच्या मेहनतीसाठीं प्रसिद्ध आहे ती याच कारणानें.

मैदान मिळालें म्हणून पहिल्याच दिवशीं घोडा चौखूर सोडावयाचा नसतो. यात्रेंतून आणलेला, महिनेन् महिने दाव्याला बांधून राहिलेला घोडा प्रथम सहा-आठ आठवडे केवळ चालवावा व दुडकीवर ठेवावा. छाती लवकर तयार होते, पण हाडें व कंडरा सावकाश कसल्या जातात. धन्याची फसगत होते ती येथेंच. घोडा दमत नाहीं म्हणून तो तयार झाला असें वाटतें, आणि नेमक्या त्याच वेळीं पाय दगा देतो. त्यानंतर मंद दौड, आणि मग आठवड्यांतून एक-दोन दिवसच वेगाची धांव असा क्रम ठेवावा. विश्रांतींत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात; भरधांवेंत ते दोनशेंच्या वर जातात. धांव संपल्यावर ते किती लवकर खालीं येतात यावरून त्याची तयारी कळते. फासळीच्या डाव्या बाजूस कोपरामागें हात ठेवून हे ठोके घरच्या मुलांनाहि मोजतां येतात.

उन्हाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. उष्ण हवेंत मेहनत करणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळूं शकतो, आणि त्या घामाबरोबर क्षारहि जातात. तेव्हां फाल्गुनानंतर सूर्योदयापूर्वींच काम उरकावें. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतलें तर त्यास बाधतें अशी जुनी समजूत आहे. ती आतां टिकत नाहीं. १९९६ सालच्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्तानें या विषयावर पुष्कळ संशोधन झालें, आणि भरपूर गार पाणी सर्वांगावर ओतणें हाच घोडा निवविण्याचा उत्तम उपाय असल्याचें दिसून आलें.

आतां उडीकडे वळूं. कुंपणांवरून घोडे धांवविण्याच्या शर्यतीचें मूळ आयर्लंडांत सांगतात. १७५२ सालीं दोघा गृहस्थांनीं एका गांवच्या चर्चच्या कळसापासून दुसऱ्या गांवच्या कळसापर्यंत, वाटेंतील कुंपणें व ओढे ओलांडीत, सरळ रेषेंत पैज लावली, अशी ती कथा आहे. इंग्लंडांतील प्रसिद्ध ग्रँड नॅशनल शर्यत १८३९ पासून चालत आली आहे. तिच्यांतील अपघात कमी व्हावे म्हणून २०२४ सालीं घोड्यांची संख्या चाळीसावरून चौतीसावर आणली गेली. आपल्याकडील पुणें-मुंबईच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. उडीचें शिक्षण आपल्या देशांत मुख्यतः लष्करानें व घोडेस्वारीच्या मंडळांनीं जिवंत ठेवलें आहे. मुंबईस महालक्ष्मीला १९४२ पासून अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लब ही संस्था आहे, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनींत छात्रांना घोड्यावर बसावेंच लागतें.

उडीच्या आधुनिक शास्त्राचा जनक म्हणजे इटलीचा कॅप्टन काप्रिली. १९०७ सालीं ऐन चाळिशीपूर्वींच तो मरण पावला, पण त्यापूर्वीं त्यानें एक साधी गोष्ट जगाला पटवून दिली. पूर्वींचे स्वार उडीच्या वेळीं मागें रेलून लगाम खेंचीत. त्यामुळें घोड्याच्या तोंडास व पाठीस इजा होई. काप्रिलीनें सांगितलें, कीं स्वारानें पुढें झुकावें, रिकिबींत भार घ्यावा आणि घोड्याची मान मोकळी सोडावी. उडी घोड्याला निसर्गतः येते, आपण आड न येणें हेंच आपलें काम.

हें शिक्षण घरच्या साधनांनींहि सुरू करतां येतें. जमिनीवर चार-पांच गोल वांसे सव्वाचार फुटांच्या अंतरानें ठेवावे आणि घोडा त्यांवरून दुडकीनें न्यावा. तो पाय मोजावयास शिकला कीं दीड फूट उंचीची फुलीसारखी आडवी बांधणी करावी. पुढें अंतरें मोजावीं लागतात. मोठ्या घोड्याची दौडींतील एक झेप सुमारें बारा फुटांची, लहान चणीच्या देशी घोड्याची त्याहून थोडी कमी. म्हणून दोन अडथळ्यांत एकच झेप बसवावयाची असेल तर एकवीस ते चोवीस फूट अंतर लागतें. अंतर चुकलें तर घोडा अडखळतो, एकदां अडखळला कीं भितो, आणि भ्यालेला घोडा पुन्हां विश्वासानें उडी घेईपर्यंत महिने जातात.

ब्रिटनमध्यें शर्यतीचें कुंपण कमींत कमी साडेचार फूट उंच असतें. तेवढ्या उंचीची आपल्याकडे कोणास आवश्यकता नाहीं. अडीच-तीन फूट पुष्कळ झाले. तेथें बर्च झाडाच्या लवचीक डहाळ्यांचीं कुंपणें करतात. आपल्याकडे निरगुडीच्या हिरव्या फोकांच्या जुड्या त्याच कामीं येतील. वाळलेल्या पऱ्हाट्या टोंचतात, बाभळीला कांटे असतात, आणि तारेचा तर विचारहि मनांत आणूं नये. कुंपण घोड्याच्या बाजूस थोडें उतरतें असावें व त्याच्या बुडाशीं एक ठळक ओंडका असावा, म्हणजे उडी कोठून घ्यावी हें त्याला कळतें. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें अगदीं नाकासमोरचें त्याला दिसत नाहीं, आणि तांबडा-नारिंगी रंग हिरव्यापासून त्याला नीट वेगळा ओळखतां येत नाहीं. याच कारणास्तव ब्रिटनमध्यें २०२२ च्या सुमारास कुंपणांवरील नारिंगी फळ्या काढून पांढऱ्या बसविल्या गेल्या. आमच्या माळावर चुन्याचा एक हात दिला कीं तेंच काम होईल. चार वर्षांखालील शिंगराला उंच उड्या मारावयास लावूं नये, कारण त्याच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. आणि एकट्यानें उडीचा सराव कधींहि करूं नये. जवळ दुसरें मोठें माणूस, स्वाराच्या डोक्यास पक्कें शिरस्त्राण, हें असलेंच पाहिजे.

एवढी यातायात कोणी कां करावी, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याचें उत्तर लग्नसराईत रस्त्यावर उभें राहून पाहावें. धांवावयास जागा नाहीं म्हणून घोड्याचा उपयोग उरला तो नाचविण्यापुरता. डांबरी रस्त्यावर, कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर, तोंडांत टोंचणारें कडियाळ घालून त्याला तासन् तास पाय आपटावयास लावतात. लोक टाळ्या वाजवितात, नोटा उधळतात. ज्या प्राण्याची देहरचना मैलोगणती मोकळ्यावर धांवण्यासाठीं झाली, तो वर्षाचे दहा महिने पत्र्याच्या छपराखालीं अगाडी-पिछाडीनें जखडलेला असतो, आणि उरलेले दोन महिने गोंगाटांत नाचतो. अशा घोड्यांना लांकूड चावण्याची, वारा गिळण्याची, जागच्या जागीं डोलत राहण्याची खोड लागते. धनी म्हणतो घोडा खोडकर निघाला. जनावराची खोड म्हणून आपण जें सांगतों तें पुष्कळदां कोंडमाऱ्याचें दुःख असतें.

आमच्या वाचकभगिनींस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घोडेस्वारी म्हणजे राजेरजवाड्यांचा व पुरुषांचा छंद, ही समजूत आतां मागें पडली आहे. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांत रघुबीर सिंह यांनीं घोडेस्वारींत सुवर्णपदक मिळविलें. त्यानंतर या क्रीडाप्रकारांत भारताला पुन्हां सुवर्ण मिळावयास एकेचाळीस वर्षें लागलीं. २०२३ सालीं चीनमधील हांगझो येथें ज्या चौघांच्या संघानें तें मिळविलें त्यांत दिव्यकृति सिंह आणि सुदीप्ति हजेला या दोन मुली होत्या. सुदीप्ति तर आमच्या शेजारच्या इंदूरची. घोड्यावर स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेंत बरोबरीनें उतरतात, हें या खेळाचें वैशिष्ट्यच आहे. मुलीला घोड्यावर बसवितांना आईच्या काळजांत धस्स होतें हें स्वाभाविक आहे. परंतु चांगला शिक्षक, शांत घोडा आणि मऊ मैदान या तीन गोष्टी असल्या तर ती भीति पुष्कळ अंशीं निवारतां येते. त्यांपैकीं पहिल्या दोन पैसे देऊन मिळतील. तिसरी गांवानेंच राखावयाची आहे.

आणि ती झपाट्यानें कमी होत चालली आहे. मुंबईसारख्या ठिकाणीं १८८३ पासूनचें महालक्ष्मीचें मैदान घ्या. त्याच्या सुमारें २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानाकडे देण्याचें २०२४ सालीं ठरलें. तेथें निदान मोकळी जागा मोकळीच राहावयाची आहे. आमच्या खेड्यापाड्यांतील गायरानांवर मात्र गोदामें, वसाहती व खाजगी कुंपणें उभीं राहतात, आणि एकदां गेलेली जमीन परत येत नाहीं. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जगपाल सिंह यांच्या खटल्यांत गांवाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करून त्या गांवास परत कराव्या असा स्पष्ट निर्णय दिला. निर्णय झाला, परंतु ग्रामसभेंत उभें राहून तो वाचून दाखवावयास गांवांत शिकलेलें माणूस पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मूळ गांवें याच दोन जिल्ह्यांत आहेत, आणि वर्षांतून एकदां कुलदेवतेस किंवा शेतीच्या वांट्यासाठीं ते तेथें जातातच.

तेव्हां पुढच्या खेपेस गांवीं जाल त्या वेळीं एवढें करा. गांवच्या गायरानाचा गट क्रमांक तलाठ्याकडे विचारा, त्याचा उतारा पाहा, आणि त्यांतील किती जमीन प्रत्यक्ष मोकळी आहे तें पायीं चालून बघा. तींत अर्ध्या मैलाचा मुरमाड पट्टा निघत असेल तर तो झाडांच्या रांगेनें आंखून, सर्वांसाठीं राखून ठेवण्याची सूचना ग्रामसभेपुढें मांडा. सकाळीं त्यावर घोडे धांवतील, संध्याकाळीं मुलें धांवतील, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर तेथें गवत उगवलें तर गुरेंहि चरतील. यात्रेंतून घोडा आणणाऱ्या आप्तेष्टांस मात्र आधीं हा पट्टा दाखवा, आणि नंतरच बाजाराची वाट धरूं द्या.